तंगडं मोडीन, याची कृपया नोंद घ्यावी

वरवट बकालात माणसं एकाएकी सभ्य झाली, त्याला आता वर्ष-दीड वर्ष होत आलं. कुणी कीर्तनकार गावात येऊन राहिला म्हणून नव्हे, तर फोनला लिहिता यायला लागलं म्हणून. तुम्ही फोनकडं तोंड करून हवं ते बरळा, आत बसलेला एआय ते धुऊन-पुसून, इस्त्री करून त्याचं पत्र करून देतो. कारभारीला शेजारचा फवारणीचा पंप हवा असला की पूर्वी तो कुंपणावरून ओरडायचा. आता त्याचा मेसेज येतो, ‘महोदय, आपला फवारणी पंप आपल्या सोयीनुसार उपलब्ध होऊ शकेल काय?’ आणि मेसेज पाठवून झाला की तो कुंपणावरून ओरडतो, “भेटला काय बे मेसेज?”

कलाबाईनं तर रुसून माहेरी बसलेल्या सुनेसाठी फोनकडून पत्र लिहून घेतलं. ‘खालील मुद्द्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं त्यात होतं. सून त्याच दिवशीच्या एस्टीनं परत आली. कलाबाई म्हणे, बघा पत्राचा गुण. सून मात्र आठवडाभर सासूला बिचकून होती, हे कुणी विचारलंच नाही.

या सगळ्यांत फोनवर सर्वांत खूश कोण असेल तर कडूबा. कडूबाचं तोंड सबंध गावाला माहीत. त्याला राग आला तरी शिवी, माया आली तरी शिवी, आणि ज्याला वर्षभरात एकही शिवी मिळाली नाही त्यानं खुशाल समजावं की हा माणूस आपल्याला अजून परका धरतो. अशा माणसाच्या नावानं जेव्हा फोन ‘आपला स्नेहांकित’ लिहायला लागला, तेव्हा कडूबाला आपण शाळा अर्ध्यात सोडल्याचं उरलंसुरलं दुःखही राहिलं नाही. त्या एआयला तो ‘फोनातला मास्तर’ म्हणायचा.

कडूबाची बायको आशाबाई. त्यांची पोरगी काजल, आणि त्या फाल्गुनात काजलचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. घरात पाहुण्यांच्या याद्या झाल्या, पापड झाले, बस्ता झाला. पण आशाबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती, आणि त्याचं कारण संग्रामपूरला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवत होतं. गजेंद्र, तिचा धाकटा दीर.

दीर म्हणायचा एवढंच. आशाबाई एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा सासू आधीच गेलेली होती आणि गजेंद्र दहा वर्षांचा होता. त्याच्या डोक्याच्या उवा तिनं काढल्या, त्याचं दप्तर तिनं शिवलं, त्याचं लग्न तिनं जमवलं. काजल झाली तेव्हा तिला खांद्यावर घेऊन सबंध गाव फिरवणारा तोच. आणि सहा वर्षांपूर्वी नांगरताना त्याच्या ट्रॅक्टरनं धुऱ्याची दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, कडूबाच्या बाजूनं जास्त घेतली. धुरा म्हणजे दोघा भावांच्या वावरांमधला हातभर बांध. त्या हातभर मातीवरून दोन भाऊ जे बोलले ते बोलले, आणि त्यानंतर सहा वर्षं एक अक्षर बोलले नाहीत.

त्यांच्या घराण्याची रीत अशी, की पोरीच्या मांडवावर घालायचे आंब्या-जांभळाचे डहाळे बापाच्या पाठच्या भावानं वाजतगाजत आणायचे. आणि त्या भावाला आवतण थोरल्यानं द्यायचं, स्वतः जाऊन, स्वतःच्या तोंडानं.

“काकानं डहाये आनले नाई तं मांडवच नका टाकू,” काजल एकदाच म्हणाली आणि कामाला लागली. पण आशाबाईनं तिला मागच्या दारी डोळे पुसताना पाहिलं होतं.

“जाऊन या नं संग्रामपूरले,” आशाबाई नवऱ्याला म्हणाली. “लहान हाये तो. एक डाव तुम्ही जा.”

“मी काऊन जाऊ? धुरा त्यानं कोरला का म्या?”

“पोरीसाठी जा.”

कडूबा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “मेसेज टाकतो.” तेवढंही आशाबाईला पुष्कळ वाटलं.

तो फोन घेऊन गोठ्यात गेला. घरात बायामाणसांसमोर भावाशी बोलायची त्याला लाज वाटली असावी. अर्ध्या तासानं आला तो छाती पुढं काढून, आणि मास्तरानं केलेलं पत्र त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं.

‘आदरणीय श्री. गजेंद्रजी, सप्रेम नमस्कार. आमची कन्या काजल हिचा विवाह निश्चित झाल्याचे आपणांस कळविण्यात आनंद होत आहे. परंपरेनुसार डहाळे आणण्याची जबाबदारी आपणांवर आहे. शेताच्या हद्दीबाबतचा आपल्यातील प्रलंबित विषय सामंजस्याने निकाली काढण्याची आमची तयारी आहे. आपण अनुपस्थित राहिल्यास पुढील योग्य ती पावले उचलावी लागतील, याची कृपया नोंद घ्यावी.’

“वा!” दारात उभा असलेला कारभारी म्हणाला. आशाबाईलाही वाटलं, आपला माणूस इतकं चांगलं बोलू शकतो, हे आपल्याला तीस वर्षांत कळलं नाही. खोटं कशाला बोला, तिला अभिमानच वाटला. पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘माननीय श्री. कडूबाजी, आपले पत्र प्राप्त झाले. त्यातील मुद्द्यांची नोंद घेण्यात आली आहे. पावले उचलण्यासंदर्भात आपला नेमका आशय काय, तो स्पष्ट करावा, ही विनंती.’

कडूबाचं तोंड उतरलं. “यानं वकील लावला,” तो म्हणाला. “हे गज्याचं बोलनं नाई. गज्याले ‘आशय’ कशाशी खातेत हे तरी मालूम हाये काय?”

मग तो पुन्हा गोठ्यात गेला. पुन्हा पत्र गेलं, पुन्हा उत्तर आलं. दोन्हीकडची भाषा दिवसेंदिवस गोड होत गेली आणि दोन्हीकडची माणसं दिवसेंदिवस काळवंडत गेली. ‘आपल्या भावनांचा आदर राखून’ असं एका पत्रात आलं तेव्हा कडूबा रात्रीचं जेवला नाही. ‘भविष्यातील गैरसमज टाळण्याच्या दृष्टीने’ असं आलं तेव्हा त्यानं पेटीतून सातबारा काढून उशाशी ठेवला.

मांडवाला दोन दिवस राहिले असताना सकाळीच आशाबाईच्या फोनवर प्रेमला बोलली. प्रेमला गजेंद्रची बायको. दोघी जावांचं बोलणं या सहा वर्षांत चोरूनमारून का होईना, चालू होतं.

“मोठ्या बाई, एक विचारू काय? राग नका मानू. भाऊजी खरंच कोर्टात जाऊन राह्यले काय?”

“कोन्या कोर्टात?”

“मंग थे पत्रं कोन्या वकिलानं लिहिले? यायनं बी वकील पाह्यला इकडे. मोजनीचा अर्ज लिहून ठेवला हाये, फक्त सही राह्यली.” प्रेमलाचा आवाज भरून आला. “दोन दिसांपासून जेवले नाई हो. म्हनते, दादा मले ‘आपण’ म्हनला. माह्या दादानं मले ‘आदरणीय’ म्हनलं, म्हनजे त्याच्यासाठी मी मेलो.”

आशाबाई फोन कानाला लावून चुलीपुढं तशीच बसून राहिली. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि इतके दिवस आपण इतक्या बावळट कशा राहिलो, म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. ही भाषा या घरात काय पहिल्यांदा आली होती? कॅनॉलसाठी वावराची पट्टी घेतली तेव्हा कागद आला, त्यावर ‘आपणांस कळविण्यात येते’ होतं. वीज तोडली तेव्हाच्या कागदावर ‘कृपया’ होतं. सासऱ्यांना कोर्टाचं बोलावणं आलं त्यात तर ‘आपण’ चार वेळा होतं. ज्या ज्या कागदानं या घराला आदर दिला, त्या त्या कागदामागून कुणीतरी जीप घेऊन आलं होतं. भावानं भावाला असं लिहिल्यावर त्यानं दुसरं काय समजावं?

कडूबा वावरात गेला होता, त्याचा फोन चार्जिंगला लागलेला. आशाबाईनं तो उचलला. सातवी झाली होती ती, वाचता-लिहिता चांगलं यायचं. तिनं फोनला सांगितलं, “हे पत्र माह्या मालकाच्या बोलन्यासारखं करून दे. एवढं गोड नको.”

फोननं लिहिलं, ‘अरे मित्रा गजेंद्र, कसा आहेस? चल, एकदा भेटूया!’ आणि शेवटी एक हसरं तोंड काढलं.

“असं नाई. शिव्या घाल.”

‘क्षमस्व. अपमानास्पद भाषेऐवजी आपण आपल्या भावना आदरपूर्वक व्यक्त करू शकता.’

“आदरानंच तं घात केला बाबा,” आशाबाई म्हणाली. फोननं तिच्या अभिप्रायाबद्दल तिचे आभार मानले.

मेंदी भिजवत बसलेली काजल हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “आई, बाबा जे बोलले थे तसंच राह्यते त्याच्यात. वर सरकव. पयल्या पत्राच्या वर आवाज असंन, तिथं दाब.”

आशाबाईनं दाबलं. आधी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. मग कडूबाचा आवाज आला.

“ए गज्या. अबे आयकून राह्यला काय? पोरीचं लगन हाये. तुह्या काजीचं. …माह्या तोंडून निंगत नाई बे. चुलीत घाल थो धुरा. दोन तासं काऊन, चार घे, पुरा घे. पन डहाये दुसऱ्या कोनी आनले तं त्या मांडवात मले उभं राहवनार नाई, सांगून ठेवतो. तुही वैनी रोज एक भाकर जास्तीची टाकते अन् मंग म्हनते चुकून झाली. सहा वर्सांपासून चुकून राह्यली थे. आला नाई नं, तं संग्रामपुरात येऊन तंगडं मोडीन तुहं, हरामखोरा!”

पुढं नाक ओढल्याचा आवाज होता, आणि मग पुन्हा गाय.

आशाबाई रडली. त्या जास्तीच्या भाकरीचं नवऱ्याला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. काजलही रडली, मेंदीचे हात वर धरून, नाक पुसायला हात मोकळा नाही म्हणून आणखीच रडली.

तो आवाज पुढं पाठवणं एका बोटाचं काम होतं. पण आशाबाईचा आता त्या यंत्रावर काडीचा भरवसा उरला नव्हता. वाटेत त्यानं त्याचंही काही पत्र करून टाकलं तर? तिनं लुगडं बदललं, वाटीत कुंकू आणि अक्षता घेतल्या, नवऱ्याचा फोन कमरेला खोचला आणि फाट्यावर जाऊन संग्रामपूरची काळीपिवळी पकडली.

गजेंद्र जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. वहिनीला पाहून तो ताडकन उठला, खुर्ची पुसली आणि खाली बघत म्हणाला, “बसा.”

“बसा? मले बसा म्हनतो तू? तुहं शेंबडं नाक पुसलं म्या, मले बसा?”

टेबलावर प्लास्टिकच्या फाईलमध्ये मोजणीचा अर्ज होता, ‘सदर अर्जदार’ म्हणून सुरुवात असलेला. आशाबाईनं फाईल बाजूला सारली, तिथं फोन ठेवला आणि बटण दाबलं.

गाईची घंटा वाजली. ‘ए गज्या’ हे दोन शब्द आले तसे गजेंद्रचे हात थांबले. पुढचं सगळं त्यानं उभ्यानंच ऐकलं. भाकरीपाशी त्यानं तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. तंगडं मोडायची वेळ आली तेव्हा त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतो आहे की रडतो आहे हे आशाबाईला पाठमोरं कळेना, आणि बहुतेक त्यालाही कळत नसावं.

“हे कधीचं?”

“पयल्या दिसाचं.”

“मंग थे पत्र?”

“फोनानं लिहिलं. त्याच बोलन्याचं केलं त्यानं तसं.”

गजेंद्रनं स्वतःचा फोन खिशातून काढला, त्याच्याकडं नुसतं पाहिलं. “मी बी त्यालेच सांगतलं होतं, वैनी.”

“तू काय बोलला होता? वाजव.”

“नाई, थे तुह्यासमोर वाजवन्यासारखं नाई. लय घान बोललो.”

“घान बोलला!” आशाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “मंग जमलं रे माह्या बापा. मले वाटलं तू सुधारला.”

पण मोटारी भरणारा हा माणूस थोरल्याइतकाच हेकट. डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, “हे तं तू चोरून आनलं. दादानं थोडंच पाठवलं? आवतन त्यानं दिलं पायजे. तोंडानं. रीत हाये थे.”

“मी माहं केलं,” आशाबाई म्हणाली, त्याच्या कपाळाला कुंकू लावून अक्षता लावल्या आणि निघाली. येतो असं तो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

घरी आल्यावर कडूबानं विचारलं, “माहा फोन कुठी होता?”

“माह्यापाशी. लग्नाच्या घरात हरपते, म्हनून ठेवला,” ती म्हणाली, आणि तिनं तो परत दिला नाही.

मांडवाच्या दिवशी दहा वाजून चाळीस मिनिटांचा मुहूर्त होता. पूजा सांगणारे महाराज नऊलाच येऊन बसले. खांब रोवले गेले, आडवे बांबू बांधून झाले, आणि वरून उघडा मांडव आभाळाकडं बघत उभा राहिला. सव्वादहा झाले. कारभारी पुढं होऊन हळूच म्हणाला, “मी आनू काय डहाये? माह्या वावरातलं जांभूय हाये.”

एरवी कडूबानं त्याला सात पिढ्यांसकट झोडपला असता. त्या दिवशी त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. आशाबाईला ती गप्प मान बघवेना. गल्लीच्या तोंडाकडं पाहून पाहून तिचे डोळे दुखायला आले होते. आपण कुंकू लावून आलो ते फुकट गेलं, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात डफड्याचा आवाज आला.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर वळला. ट्रॉलीत आंब्या-जांभळाचा हिरवागार ढीग, त्यावर प्रेमला पदर सावरत बसलेली, आणि ढिगाच्या माथ्यावर फेटा बांधून गजेंद्र उभा. पण ट्रॅक्टर घरापर्यंत आला नाही. वीस पावलांवर त्यानं तो थांबवायला लावला. डफडं थांबलं. सगळी गल्ली ओट्यांवर आली.

“ए दादा!” गजेंद्र वरून गरजला. “कोनाचं तंगडं मोडून राह्यला बे तू? हे घे, आनलं. मोड!”

कडूबा दचकला. मग त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला, खिसा रिकामा होता.

“फोन नाई भेटनार,” आशाबाई म्हणाली. “तोंडानं बोला.”

कडूबाचे ओठ नुसते हलले. आशाबाईला धास्ती पडली. आता हा माणूस काहीतरी सभ्य बोलला, तर ट्रॅक्टर मागं फिरलाच म्हणून समजा.

“अबे हरामखोरा!” कडूबा फुटला. “सहा वर्सं कुठी मेला होता? साडेदहा वाजले! डहाये सुकून राह्यले, अन् हा फेटा बांधून नाटकं करते! उतर खाली! का तुह्या बापाले बोलवू उतरवाले?”

“माहा बाप थोच तुहा बाप!”

“मंग त्याच्या नातीच्या मांडवात ये नं बे! ये! ये म्हनतो नं मी, ये!”

हे आवतण होतं. सबंध गल्लीला कळलं, डफडेवाल्यांना तर सर्वांत आधी कळलं, कारण त्यांनी जी थाप मारली ती थांबेचना. गजेंद्रनं ढिगावरून उडी टाकली. दोघं भाऊ एकमेकांवर असे चालून गेले की नवख्या पाहुण्यांना वाटलं आता मारामारी होते. ते भेटले, घट्ट भेटले, आणि भेटल्या जागीच भांडायला लागले.

“दोन तासं घेतली तू!”

“दोन नाई, दीड! अन् त्या पत्रात मले ‘जी’ काऊन म्हनलं बे तू?”

“तू मले ‘माननीय’ म्हनलं थे?”

एक जण ट्रॉलीच्या या टोकानं डहाळे उतरवतो आहे, दुसरा त्या टोकानं, आणि मधल्या हिरव्या ढिगावरून शिव्यांची नुसती देवघेव चालली आहे. काजल दारात उभी राहून हसत होती. प्रेमला येऊन मोठ्या जावेच्या गळ्यात पडली. आशाबाईनं एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि कान मात्र भांडणाकडंच ठेवले. एकोणिसाव्या वर्षापासून हे दोन आवाज तिनं या घरात ऐकले होते. ते परत आले होते, आणि तिनं ते आणले होते. तिला इतका आनंद झाला की तिनं कुणाचाही मुलाहिजा न ठेवता मोठ्यांदा “हाव, बोला आता!” अशी आरोळी ठोकली.

महाराज घड्याळाकडं बोट दाखवत जवळ आले. “आशाबाई, दहा चाळीस होऊन गेले. आवरा यांना, मुहूर्त टळला.”

“भांडू द्या महाराज. सहा वर्साचं तुंबलं हाये. तुम्ही मुहूर्त दुसरा काढा.”

महाराजांनी चष्मा लावला, पंचांगाची दोन पानं उलटली. “अकरा बावन्नला आहे एक. तोवर आटपेल का यांचं?”

आशाबाईनं क्षणभर कान देऊन ऐकलं. दोघं भाऊ अजून धुऱ्यापाशीच होते.

“नाई,” ती म्हणाली. “त्याच्या पुढचा पाहा.”